तुतीच्या झाडावरची हरकत

माझी मावशी टायपिंग शिकवायची. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून टाइपरायटर मांडलेले असत आणि सकाळपासून त्यांचा असा कडकडाट चालायचा की नव्या माणसाला वाटावं, आत गारा पडतायत. तिने लग्न केलं नाही. माझे वडील गेले तेव्हा आई मला घेऊन तिच्याकडेच राहायला आली, त्यामुळे मी त्या आवाजातच लहानाची मोठी झाले. पुढे संगणक आले, मुलं यायची थांबली. मावशीने एक यंत्र ठेवून बाकीची देऊन टाकली आणि दारावरची पाटी उतरवली. बोटांची सवय मात्र जाईना. रिकामी बसली की टेबलावर, मांडीवर, बसमध्ये समोरच्या दांडीवर तिची टकटक चालू असायची.

झाडांचा नाद तिला या रिकामपणातच लागला. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका दातांच्या डॉक्टरने दवाखाना काढला होता. समोरच्या फुटपाथवर मोठा शिरीष होता आणि त्याच्या फांद्यांमागे डॉक्टरची पाटी झाकली जायची. एके सकाळी दोन माणसं करवत घेऊन आली. मावशी दूध आणायला निघाली होती. रिकामी पिशवी हातात धरून ती तशीच झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं तोडायला?"

"डॉक्टरांनी."

"झाड डॉक्टरांचं आहे का?"

करवतवाल्याने दवाखान्याकडे पाहिलं. "त्यांच्या दारात आहे की."

"दारात तर माझी सायकलपण उभी असते कधीकधी. तीही कापाल?"

माणसं करवत गुंडाळून गेली आणि मावशी दूध न आणताच नगरपालिकेत गेली. उद्यान खातं कुठल्या मजल्यावर आहे हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. परत आली तेव्हा मात्र कायदा तोंडपाठ करून आल्यासारखी बोलत होती. रस्त्यावरच्या झाडाला नगरपालिकेशिवाय कुणी हात लावायचा नाही. स्वतःच्या अंगणातलं असलं तरी मालकाला अर्ज करावा लागतो. मग झाडाच्या बुंध्यावर नोटीस लागते, ठरलेल्या मुदतीत कुणालाही हरकत घेता येते, आणि हरकत आली की सुनावणी होते. झाड मेलेलं किंवा धोक्याचं असेल तर गोष्ट वेगळी.

"कुणालाही म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे मलाही," मावशी म्हणाली.

शिरीष वाचला. डॉक्टरला फक्त दोन फांद्या छाटायची परवानगी मिळाली, तीही नगरपालिकेच्या माणसांकडून. त्या दिवसापासून तो मावशीला पाहिलं की दात दुखल्यासारखं तोंड करायचा.

मग मावशीला चटकच लागली. रोज संध्याकाळी ती फिरायला निघायची ती बुंध्यांवरचे कागद वाचत. कुणाला गाडी लावायला जागा हवी होती, कुणाला पाचोळा झाडायचा कंटाळा आला होता, कुणाच्या गच्चीवर म्हणे ऊन येत नव्हतं. घरी येऊन ती टाइपरायटरला कागद लावायची आणि हरकत टाइप करायची. लोक चिडायचे. "माझ्या अंगणातलं माझं झाड, आणि मीच परवानगी मागू?" असं एकाने आमच्या दारात येऊन विचारलं, तर ती म्हणाली, "अंगण तुमचं. सावली रस्त्यावर पडते, तीही तुमचीच का?" गावात तिला हरकतबाई म्हणायला लागले. ते ऐकून तिला रागही यायचा आणि आतून जरा गुदगुल्याही व्हायच्या. खोटं कशाला सांगू, आम्हालाही तिचा अभिमान वाटायचा. तिच्यामुळे उभी राहिलेली झाडं आजही मी दाखवू शकते.

आमच्या शेजारी काकू राहायच्या. त्या कपडे शिवायच्या आणि त्यांचा नवरा विजेची कामं करायचा. त्याला सगळे वायरमनकाका म्हणत. घर अरुंद आणि लांबट. पुढे काकूंचं शिवणाचं दुकान, त्याच्यामागे स्वयंपाकघर, आणि तिथून एक उभा, मध्येच वळणारा जिना. झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. मागे वीतभर अंगण आणि त्यात तुतीचं जुनं झाड. तुती पिकली की त्यांचं आणि आमचं, दोन्ही अंगणं जांभळी व्हायची. वाळत घातलेल्या चादरींवर डाग पडायचे, आणि काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "टकटके, तुझी चादर उचल गं, पक्ष्यांनी घाण केली बघ!"

मावशीला टकटके म्हणणाऱ्या त्या एकट्याच. दोघींची दोस्ती मी जन्मायच्या आधीची. संध्याकाळी भिंतीला टेकून त्या तासन्‌तास बोलायच्या, आणि वायरमनकाका वरच्या खिडकीतून म्हणायचे, "अहो, त्या भिंतीला जरा विश्रांती द्या. पडेल बिचारी." काका गमत्या माणूस. खांबावर चढूनही खालच्या माणसांशी गप्पा मारायचे. माणसांशिवाय त्यांना करमत नसे.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. इस्पितळातून आणल्यावर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून त्या जिन्याने वर नेलं, कारण पलंग वर, न्हाणीघर वर. वर गेले ते वरच राहिले. काकू खाली शिवायच्या, मध्येच मशीन थांबवून वर धावायच्या, पुन्हा खाली. त्यांचे गुडघेही काही तरुण नव्हते.

एका संध्याकाळी त्यांनी भिंतीपाशी मावशीला सांगितलं, "गवंडी येऊन गेला. म्हणतो, मागच्या अंगणात एक खोली आणि न्हाणीघर निघेल. स्वयंपाकघरातून दार काढलं की झालं. ह्यांना खाली आणता येईल."

"आणि तुती?"

"ती तोडावी लागेल."

मी ओट्यावर भाजी निवडत होते. मावशीची बोटं भिंतीवर टकटक करायला लागलेली मला दिसली.

"पुढची खोली आहे की," ती म्हणाली. "तिथे पलंग टाक."

"आणि मी शिवू कुठे? गिऱ्हाईक काय पलंगावर बसवू? शिवाय न्हाणीघर? नळ, गटार सगळं मागे आहे."

"नळ पुढे नेता येतो. आणि अगं, वरच्या खिडकीतून त्याला ती तुतीच तर दिसते. दिवसभर तेवढीच हिरवळ आहे त्याला."

"त्यांना हिरवळ नकोय. माणसं हवीयत," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टकटके, या वेळी तू गप्प बस. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढंच मागते."

मावशी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "बघू," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तुतीच्या बुंध्यावर नोटीस लागली.

काकूंनी मागितलं होतं ते मावशीने दिलंही असतं, असं मला अजून वाटतं. पण त्याच दिवसांत आम्ही दोघी वाण्याच्या दुकानात गेलो असताना दातांचा डॉक्टर तिथे उभा होता. मावशीकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं तो वाण्याला म्हणाला, "आता बघू या हरकत येते का. मैत्रीण आहे ना! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

वाणी हसला. मावशी काही न घेताच दुकानातून बाहेर पडली. दुपारी पुढच्या खोलीतून यंत्राचा आवाज आला, तशी आई हातातलं काम टाकून गेली.

"काय लिहितेस?"

"हरकत."

"शुद्धीवर आहेस का? अगं, ते झाड आहे आणि तो माणूस आहे."

"मी माणसाच्या विरुद्ध नाही. खोली बांधू नका असं कुठे म्हणतेय? पर्यायी जागा आहे, तिथे बांधा. नियम सगळ्यांना सारखा हवा. आज शेजारणीसाठी डोळे मिटले, तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला अडवू?"

"तोंड तुझं तुला सांभाळायचंय, म्हणून तो वर अडकून बसू दे?"

"सुनावणी होईल. साहेब दोन्ही बाजू ऐकतील. मी काही निकाल देत नाही."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," आई म्हणाली. "आधी एकदा तो जिना चढून ये."

मावशीने कागद ओढून काढला, सही केली आणि घडी घातली. जिना काही ती चढली नाही.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले होते. उद्यान खात्याची खोली जिन्याखाली होती. कपाटावर वाळलेल्या कुंड्या आणि टेबलावर काचेखाली जुनी रोपांची दरपत्रकं. काकू आधीच येऊन बसल्या होत्या. कामावरून तशाच उठून आल्या असाव्यात, मापाची फीत गळ्यात राहिली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला बसता यावं म्हणून बाकावर थोड्या सरकल्या. सवयच ती.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "झाड मी पाहिलंय. निरोगी आहे, धोका काही नाही. बांधकामासाठी तोडायचं तर दुसरी जागा नाही असं दिसायला हवं. बाईंनी लिहिलंय, पुढे एक खोली आहे."

"ते माझं दुकान आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणजे जागा आहे."

"जागा आहे, पण..." त्या थांबल्या. मावशीकडे त्यांनी अशी नजर टाकली की पुढचं वाक्य हिने पुरं करावं. त्या घरातलं पाणी कुठून येतं, गिऱ्हाईक कुठे बसतं, पोट कशावर चालतं, हे मावशीइतकं कुणाला माहीत होतं? मावशी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली.

"परवानगी देता येत नाही," साहेब म्हणाला. "फांद्या छाटून घ्या. निकाल मान्य नसेल तर तुम्हाला वर दाद मागता येईल."

"वर जायचंच तर झेपत नाही, साहेब," काकू म्हणाल्या. साहेबाला ते कळलं नाही. तो पुढच्या अर्जाला लागला.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघी होतो. आमच्याशेजारची जागा रिकामी होती, तरी काकू पुढे जाऊन दांडी धरून उभ्या राहिल्या.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण झालं की ते मिटवता तरी येतं. त्या फक्त भिंतीपाशी यायच्या बंद झाल्या. चादर उचल म्हणून हाक येईना. मावशी दोनदा वाटीत काहीबाही घेऊन गेली, तर काकूंनी वाटी दारातच घेतली, रिकामी करून धुऊन दिली आणि "शिवण खोळंबलंय" म्हणून आत गेल्या. "राग निवळला की येईल," मावशी म्हणायची. "मी समजावून सांगेन तिला."

ते समजावून सांगणं राहूनच गेलं. एका दुपारी काकूंच्या दुकानात काकांचा जुना सोबती आला होता. त्याचा आवाज वर पोहोचला. काकांनी हाका मारल्या असणार, पण मशीन चालू होतं आणि त्यांची जीभ तशी. शेवटी ते पलंगावरून सरकत जिन्यापर्यंत आले आणि बसूनच एकेक पायरी उतरायला लागले. वळणावर तोल गेला.

तो धडपडीचा आवाज भिंतीतून आमच्याकडे आला. मावशी अनवाणी धावली, तिच्यामागे मी. काका वळणाच्या कोपऱ्यात मुडपून पडले होते आणि जिना इतका अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती. सोबती खालून पाय धरत होता, काकू वर जायला वाटच शोधत होत्या. मावशी कशीबशी घुसून काकांच्या डोक्यापाशी बसली आणि त्यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. काकांनी डोळे उघडून तिला ओळखलं. वाकड्या जिभेने म्हणाले, "फ्यूज... उडाला."

मावशी रडायला लागली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून काकांना त्या घरी परत आणायचं नाही असं त्यांच्या मुलीने ठरवलं. ती दुसऱ्या गावात लिफ्टच्या इमारतीत राहायची. दोघांना ती घेऊन गेली. सामान हलवायच्या दिवशी मावशी मदतीला गेली, तर काकू म्हणाल्या, "झालंय सगळं." शिवणाचं मशीन टेम्पोत चढताना मी पाहिलं. दुकान बंद पडायचं ते पडलंच.

घर एका कापडवाल्याने विकत घेतलं. त्याला मागच्या बाजूला माल ठेवायची जागा हवी होती. तुतीवर पुन्हा नोटीस लागली. या वेळी अर्जासोबत इंजिनिअरचा दाखला होता की मुळांमुळे पायाला तडे गेलेत, आणि तोडलेल्या झाडाच्या बदली बाहेरच्या रस्त्याला रोपं लावण्याची हमीही होती. कागद कसा चोख.

मावशी यंत्रासमोर बसली. कागद लावला. मुदत संपत आली तरी कागद कोराच होता.

"लिहीत का नाहीस?" मी विचारलं. "त्या तड्यांचं खरंखोटं तरी करायला लाव."

"काय लिहू? पर्यायी जागा आहे, हेच ना? तेच वाक्य परत कसं टाइप करू?" ती म्हणाली. "तिला ज्याच्यासाठी नाही म्हटलं, ते मी आता वाचवलं तर ती काय म्हणेल? आणि नाही वाचवलं तर मग तिला अडवलं कशासाठी?"

मुदत उलटली. झाड तोडायला माणसं आली तेव्हा मावशी घरातच बसून राहिली. यांत्रिक करवतीपुढे जुनी तुती कितीशी टिकणार! दुपारपर्यंत ओंडके टेम्पोत भरूनही झाले. भिंतीपलीकडे एकदम इतकं आभाळ दिसायला लागलं की आईने खिडकीला जाड पडदा लावला. "तेल गेलं आणि तूपही गेलं," ती म्हणाली, पण हळूच. मावशीला टोचून बोलायची हौस तिलाही उरली नव्हती.

बदली रोपं पाहायला मावशी पुढे एकदा जाऊन आली. काही जगली होती, काही नुसत्या काटक्या. त्याबद्दल तिने कुणाला अर्ज केला नाही.

मग एकदा धीर करून ती काकूंकडे निघाली. मीही गेले. इमारतीच्या फाटकापाशीच वायरमनकाका चाकांच्या खुर्चीत बसलेले. शेजारी राखणदार, भाजीवाला आणि कुणीतरी पेपर वाचणारा म्हातारा. काका त्यांना तुटक शब्दांत काहीतरी सांगत होते आणि ते तिघे पोट धरून हसत होते. आम्हाला पाहून त्यांनी डावा हात उंच केला. आम्ही काही विचारायच्या आत राखणदार म्हणाला, "हे आमचे साहेब. सकाळी लिफ्टने खाली येतात ते जेवायलाच वर जातात."

मावशीचा चेहरा पाहवेना. काकांना नुसतं खाली, माणसांत आणायचं होतं, एवढंच तर काकूंनी मागितलं होतं!

काकूंनी दार उघडलं. "या. बसा," म्हणाल्या. चहा ठेवला. माझी चौकशी केली, आईची केली. मावशीला विचारलं, "तुम्ही साखर कमी घेता ना?"

तुम्ही. इतक्या वर्षांच्या अगं-तुगंनंतर, इतकं साधं आणि इतकं सभ्य. काकूंच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्यांशी बोलावं तसं त्या बोलत होत्या. निघताना दारापर्यंत आल्या, लिफ्टचं बटणही दाबलं.

त्यानंतर हरकतबाई बदलली असं गावात म्हणतात. बुंध्यावर कागद दिसला की ती अजून थांबते, वाचते. पण आता आधी त्या घराची कडी वाजवते. आत बसते, कुठे काय अडतंय ते विचारते, जिना असला तर चढून बघते. कधी गवंड्याशी हुज्जत घालून भिंत हातभर सरकवायला लावते आणि झाडही वाचवते, खोलीही. कधी मुकाट परत येते. अगदीच गाडी लावायला झाड तोडणारा भेटला, की यंत्राचा आवाज घरात घुमतो. लोक तिला मानायला लागलेत. तिला त्याचं काही वाटत नाही. कुणी कौतुक केलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

काका पुढल्या वर्षी गेले. काकूंचा फोन आईला आला. मावशीला आईकडून कळलं. ती अंत्यविधीला गेली, गर्दीत मागे उभी राहिली आणि परत आली. काही दिवस गेल्यावर एका सकाळी तिने आपणहून काकूंना फोन लावला. मी शेजारीच होते. इकडची तिकडची विचारपूस झाली, आणि मग ती एकदम म्हणाली, "माझं चुकलं गं. तिथे साहेबासमोर मी बोलायला हवं होतं. हरकत घ्यायलाच नको होती."

मावशीची बोटं टेबलावर टकटक करायला लागली.

मग काकूंचा आवाज आला, मलाही ऐकू आला. "तुमच्याकडे पाणी रोज येतं का हो? इकडे एक दिवसाआड येतं."

"येतं," मावशी म्हणाली. "सकाळचं येतं."

"बरंय मग," काकू म्हणाल्या, आणि दोघी थोडा वेळ पाण्याबद्दल बोलत राहिल्या.